बावीस पेट्या, एक फिल्टर

एका डब्याला दोन हात. एक माझा, एक त्याचा.

"सोडा," मी म्हणाले.

"तुम्ही सोडा," तो म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. म्हणजे... तेव्हा आवडलं नाही.

कारखान्याच्या कॅन्टीनचं मागचं दार. आतून कढईचा चरचराट येत होता आणि आचारी उंबऱ्यात उभा राहून फडक्याला हात पुसत होता. "दोघांनी मागितलं, मी दोघांना हो म्हटलं. तळणाचं तेल एवढंच उरतं. काय ते आपसांत बघा," असं म्हणून तो सरळ आत निघून गेला.

डब्याचा दुसरा कान धरलेला तो माणूस जनरेटर दुरुस्त करायचा आणि वर्कशॉपमागच्या शेडमध्ये वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवायचा. मी आत्याबरोबर मधमाश्या पाळते. आमचा टेम्पो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला दोन टाक्या आहेत, छोटीत डिझेल आणि मोठीत गाळलेलं तेल. सुरू करायचा डिझेलवर, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायचा आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायचा. हे सगळं मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं.

"नुसतं गाळून ओतता?" त्याने विचारलं.

"चार पदरी कापडातून."

"इंजिन काही म्हणत नाही?"

"तीन वर्षं झाली. एक तक्रार नाही."

"बोलता येत नाही बिचाऱ्याला."

मला हसू आलं. ते लपवायला मी डबा ओढला, त्यानेही ओढला, आणि तेल दोघांच्या चपलांवर सांडलं. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं.

मग दर बुधवारी तेच. तो आधी येऊन थांबायचा, मी उशीर झाल्यासारखं दाखवत यायचे. आत्याला सगळं ठाऊक होतं. "काय म्हणतंय तुझं ते रसायन?" असं ती रोज विचारायची. बायोडिझेलवाला म्हणून रसायन, की माणूसच तसा म्हणून, ते तिने कधी स्पष्ट केलं नाही.

पाचव्या बुधवारी त्याने माझ्यासाठी स्वतः बनवलेलं दहा लिटर बायोडिझेल आणलं. उन्हात धरलं तर थेट मधासारखं दिसत होतं.

"हे छोट्या टाकीत घाला, डिझेलऐवजी. फक्त एक लक्षात ठेवा. हे साबणासारखं असतं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असेल ना, तो सगळा सुटून येईल आणि फिल्टरमध्ये अडकेल. पन्नासेक किलोमीटर झाले की फिल्टर बदलायचा. एक जास्तीचा गाडीत ठेवायचा. ठेवाल ना?"

त्याने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. कानामागे ग्रीसचा एक काळा ठिपका होता आणि तो बोलताना वरखाली होत होता. मी "हं... हो... हो" म्हणत मान डोलावली. शपथेवर सांगते, त्यातला एक शब्द माझ्या डोक्यात शिरला नाही.

शनिवारी पेट्या हलवायच्या होत्या. पलीकडच्या खोऱ्यात सूर्यफूल फुललं होतं आणि शेतकरी आमची वाट बघत होता. उजाडण्यापूर्वी, सगळ्या माश्या आत असताना, आत्याने आणि मी बावीस पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली. अशा पेट्या ऊन चढायच्या आत पोचवाव्या लागतात. बंद पेटी तापली की मेण मऊ होतं, पोळी खचतात आणि माश्या गुदमरतात. गाडी चालती असेल तर वारा लागतो. उभी राहिली, की संपलं.

आणि ती उभी राहिली.

घाट उतरून सपाटीला लागलो होतो. आधी एक गचका बसला. मग दोन. मी कॉक तेलावर फिरवला, परत डिझेलवर फिरवला, पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर पार दाबला. इंजिनाने एक लांब सुस्कारा टाकला आणि टेम्पो रस्त्याच्या कडेला गप झाला. साडेआठ वाजले होते. सावली देईल असं एक झाड नव्हतं.

मी फोन लावला. त्याने "हॅलो" म्हणायच्या आत ओरडले, "काय भरायला दिलंत तुम्ही आमच्या टाकीत?"

त्याने हळूच विचारलं, "गचके देत बंद पडली?"

"हो!"

"कुठे आहात?" मी सांगितलं. "निघालो. पाऊण तास."

फिल्टर बदलला होता का, हे त्याने विचारलं नाही. पण त्याने न विचारलेला तो प्रश्न फोन ठेवता ठेवता माझ्या कानात वाजला. साबण. गाळ. पन्नास किलोमीटर. सगळं आठवलं... आता आठवलं!

आत्या टपावर चढून जाळ्यांवर पाणी शिंपडत होती. प्यायचं पाणीसुद्धा. पेट्यांमधून घों-घों आवाज चढत होता. आतल्या माश्या पंख हलवून वारा घालत होत्या. "आवाज आहे तोवर घाबरू नको," आत्या म्हणाली. "थांबला की घाबर."

"इथेच उघडल्या तर?"

"रस्त्यावर? जाणाऱ्या-येणाऱ्यांना फोडून काढतील. आणि परत कुठे येणार त्या? घर कुठंय त्यांचं इथं?"

मी एकेका पेटीला कान लावत फिरत होते. सतराव्या पेटीशी थांबले. परत कान लावला. आत्याने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता उरलेलं पाणी त्या पेटीवर ओतलं.

तो चाळीस मिनिटांतच आला. मोटरसायकल नीट उभीही न करता धावत आला.

"या, रसायनसाहेब," आत्या कडाडली. "माणसाने दुसऱ्याच्या गाडीत काही ओतायच्या आधी चार गोष्टी सांगाव्यात!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदाच.

"चूक माझी," तो म्हणाला. "फिल्टर बदलायला सांगायचं राहून गेलं."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही... आणि मिटलं.

त्याने फिल्टर खोलला. आतून डांबरासारखा गाळ ओघळला. नवा बसवला, पण नळीत हवा शिरली होती. ती काढल्याशिवाय इंजिन तेल ओढणार नव्हतं. त्याने पान्याने एक स्क्रू सैल केला आणि माझा अंगठा धरून फिल्टरवरच्या छोट्या हातपंपाच्या बटणावर ठेवला.

"दाबत राहा. फेस यायचा थांबेपर्यंत."

मी दाबत राहिले. स्क्रूभोवती नुसते बुडबुडे. मागे घों-घों आता चिरका झाला होता. अंगठा बधिर झाला, घाम डोळ्यांत उतरला.

"नाही येत..."

"येईल. दाब! थांबू नको, दाब!"

पाच बुधवार 'तुम्ही' म्हणणारा माणूस एकदम 'दाब' म्हणाला. त्यालाही ते कळलं नाही. मी दाबलं. बुडबुडे बारीक झाले... आणखी बारीक... आणि मग सोनेरी तेलाची अखंड धार आली. त्याने स्क्रू आवळला. "मार स्टार्टर!"

पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा पांढरा धूर. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, थरथरलं आणि धडधडू लागलं. आत्याने टपावरूनच खाली उडी मारली. या वयात!

सूर्यफुलाच्या शेतात आम्ही तिघांनी धावत पेट्या उतरवल्या आणि जाळ्या काढल्या. माश्या पाणी सुटावं तशा बाहेर पडल्या. एकवीस पेट्यांतून.

सतराव्या पेटीचं झाकण आत्याने उचललं. पोळी वितळून तळाशी बसली होती. तिने मूठभर माश्या ओंजळीत घेतल्या. एकही हलली नाही. ती त्याच्याकडे वळली. आवाज मुळीच चढला नाही, म्हणून जास्त लागला. "तुमच्या एका विसरण्यापायी हे."

"हो," तो खाली बघत म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. "आत्या, तो विसरला नव्हता. त्याने सांगितलं होतं. गाळाचं, फिल्टरचं, सगळं. 'ठेवाल ना?' म्हणून विचारलंही होतं. मी ऐकलं नाही."

"मग तू काय करत होतीस?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "बघत होते... त्याच्याकडे."

तो पुतळ्यासारखा उभा. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओंजळीकडे. माझे डोळे भरून आले होते, पण मी मान खाली घातली नाही.

"आणि तुम्ही खोटं का बोललात?" तिने त्याला विचारलं.

"ह्या फार घाबरल्या होत्या. म्हटलं, बोलणी खायचीच आहेत तर मी खावीत."

"धन्य आहात दोघं." आत्याने ओंजळ बांधाच्या कडेला अलगद रिकामी केली. "ही पेटी खरवडून, धुवून उन्हात ठेवा. दोघांनी मिळून. तिच्यात नवी वसाहत बसवायचीय मला." आणि ती बाकीच्या पेट्या बघायला निघून गेली.

आम्ही दोघं पेटीच्या दोन बाजूंना बसून मेण खरवडू लागलो.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "या वेळी तरी ऐकाल?"

"ऐकते."

"मला एवढं तेल लागत नाही. शेडमध्ये दोनशे लिटर पडून आहे. पहिल्या बुधवारी लागत होतं... नंतरच्या चारही बुधवारी नव्हतं."

खरवडणी माझ्या हातात तशीच राहिली. इतक्यात एक माशी भिरभिरत आली आणि त्याच्या मानेवर बसली.

"हलू नकोस," मी म्हणाले आणि त्याच्याजवळ सरकले.

"नाही हलत," तो श्वास रोखून म्हणाला.

माशी लगेच उडून गेली. ते मी त्याला बऱ्याच वेळाने सांगितलं.