अर्धा सेकंद उशिरा

स्टुडिओच्या अरुंद जिन्यावरून ती कागद सांभाळत उतरत होती आणि तो तीन-तीन पायऱ्या गाळत वर येत होता. व्हायचं तेच झालं. त्याच्या काठ्यांची लांबलचक पिशवी कठड्यात अडकली आणि तिचे कागद थेट तळमजल्यावर पोचले.

"एवढी कसली घाई?" ती फणकारली.

"घाई हाच माझा धंदा आहे..." तो ओशाळून म्हणाला.

म्हणजे हाच तो 'सुसाट'. काठीने खेळायच्या 'पूल'च्या टेबलावरचे पंधरा चेंडू चाळिसेक सेकंदांत पॉकेटांत घालणारा. आणि ती घड्याळवाली. पहिला फटका बसला की बटण दाबायचं, शेवटचा चेंडू पडला की पुन्हा दाबायचं. टीव्हीच्या कोपऱ्यात पळणारे आकडे तिच्या अंगठ्याच्या हुकमात होते.

"साधं पूल बघताना माणसं पेंगतात गं," दिग्दर्शिकाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "खेळाडू टेबलाभोवती फेऱ्या मारतो आणि प्रेक्षक चॅनेल बदलतो. इथं आकडे पळतात, म्हणून लोक श्वास रोखून बसतात. घड्याळावरचा विश्वास उडाला, की आपलं दुकान बंद."

जिन्यातल्या त्या टकरीनंतर प्रत्येक डाव संपला, की स्वारी तिच्या टेबलापाशी हजर.

"किती लागले?"

"वर एवढे मोठे आकडे आहेत. दिसत नाहीत?"

"तुमच्या तोंडून ऐकले की... कमी वाटतात."

ती उगाच कागद चाळायची. कानाच्या पाळ्या मात्र तापायच्या. हे काही खरं नाही, ती स्वतःला बजावायची. घड्याळवालीला कुठलाच खेळाडू जवळचा नसावा. बजावून कुणाचं मन ऐकलंय म्हणा!

उपांत्य फेरी थेट प्रक्षेपित होत होती. आधीच्या खेळाडूला एकोणचाळीस पूर्णांक दोन सेकंद लागले होते. त्याहून कमी वेळ लागला तर सुसाट अंतिम फेरीत, नाहीतर घरी. तिचा अंगठा घामाने निसटत होता.

फटका बसला. चेंडू फुटले, एकामागून एक पडत गेले आणि तो टेबलाभोवती अक्षरशः पळत होता. शेवटचा चेंडू उरला. घामाने कपाळाला चिकटलेले केस, दातांत धरलेला ओठ... आणि सभागृहात एकदम आरडाओरडा झाला. तो ऐकून तिने बटण दाबलं.

एकोणचाळीस पूर्णांक पाच.

त्याने काठी खाली ठेवली, प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला. मग तिच्याकडे बघून कसनुसं हसला. चेंडू आधी पडला होता, तिचा अंगठा मागाहून हलला होता. तिच्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन मिनिटांच्या जाहिराती लागल्या. त्या संपल्या की पंच निकाल सांगणार. गप्प बसलं तर नोकरी राहील... आणि तो जाईल, स्वतःलाच दोष देत. सांगितलं तर 'का' म्हणून विचारणारच. एक जाहिरात संपली. दुसरी संपली. तिने कानावरचा माइक तोंडाशी ओढला.

"बाई... माझं बटण उशिरा दाबलं गेलं."

"काय? डोळा लागला होता का?"

"नाही."

"मग चेंडू दिसला नाही?"

"मी चेंडूकडे बघत नव्हते."

"अगं बाई, मग बघत कुठं होतीस?"

पाच कॅमेरावाले, निवेदक आणि पंचमामा, सगळ्यांच्या कानांत ती बोलत होती.

"त्याच्याकडे," ती म्हणाली.

दोन नंबरचा कॅमेरा जरासा हलला.

रेकॉर्डिंग मागेपुढे करून तीनदा बघितलं गेलं. खरी वेळ अडतीस पूर्णांक नऊ निघाली. पंचमामांनी नवा निकाल सांगितला, सभागृह दणाणलं. तिच्या कानात मात्र बाईंचा आवाज आला, "खरं बोललीस, शाबास. पण आजपासून घड्याळ तुझ्याकडे नाही."

कडेच्या बोळात ती भिंतीला टेकून उभी होती. तो आला. मामांनी त्याला सगळं सांगितलं असणार, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"इथं एकट्याच काय उभ्या आहात?"

"नोकरी गेली, सगळ्यांसमोर शोभा झाली... आणखी काय व्हायचं राहिलंय?"

"माझं उत्तर." तो घुटमळला. "मला कुणी विचारलंच नाही... शेवटच्या फटक्याआधी मी कुठं बघत होतो ते."

"घड्याळाकडे ना? मान वर केलीत तेव्हा मला तसंच वाटलं."

"घड्याळाच्या खाली तुम्ही बसला होतात... माझाही अर्धा सेकंद तिथंच गेला."

"काहीतरीच!" ती भिंतीपासून दूर झाली.

"रेकॉर्डिंगमध्ये दिसतंय," तो म्हणाला. "बाईंनीही बघितलं. म्हणाल्या, दोघंही कामातून गेलेत."