दावं घरचं घरात

घोडी विकताना घाई दाखवायची नाही, एवढं या धंद्याच्या घरात नांदून मला कळलं होतं. पण त्या दिवशी मला घाईच होती. गिऱ्हाईक होता शिवलिंगप्पा, अक्कलकोटकडचा कापडवाला. सोलापुरात मोटारी धावू लागल्या असतील, त्याला मात्र पांदीनं आडगावचे बाजार करायचे, म्हणजे घोडंच हवं. दुपारी होटगीला गाडीतून उतरला आणि घर विचारत दारात आला.

आमचे मालक घोडी आणायचे, चालीला लावून विकायचे. ही काळी मात्र त्यांनी कधी विकली नाही. तिला चाबूकही लावला नाही. चाबूक माझ्यासाठी होता. तापानं गेले, तेव्हासुद्धा घोडीला उंबऱ्यापाशी आणायला लावलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. मी उशाशी बसले होते. माझ्याकडं बघितलंही नाही. मला रडू आलं नाही, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

दिवस घातले, आणि दिवेलागणीला घोडीची पाठ खाली जाऊ लागली. खोटं वाटत असेल तर नको ऐकूस. खोगीर नाही, स्वार नाही. पण रिकिबीत पाय घालून कुणी चढावं तशी ती दबायची. मग कान मागं टाकून खुंट्याभोवती फिरत राहायची. अंगणात त्यांच्या घामाचा आणि तंबाखूचा वास सुटायचा. मी दार लावून बसायची. घोडी विकली की तेही तिच्यावर बसून जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शिवलिंगप्पानं दात बघितले, खूर उचलून बघितले. मग पाठीवर तळहात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"अव्वा, आत्ता कुनी बसलं हुतं काय हिच्यावर? पाठ गरम हाय की."

"उनात हुबी हाय ती," माझे दीर धोंडीराम भावजी म्हणाले.

भाव मी पाडूनच सांगितला. वर खोगीर, लगाम, चाबूकसुद्धा त्याच्या पदरात घातला. घरात त्यांचं काही ठेवायचंच नव्हतं. निघताना त्यानं आपलं नवं दावं घोडीच्या गळ्यात बांधलं आणि जुनं सोडून माझ्यापुढं धरलं.

"हेबी न्या," मी म्हणाले.

"छे छे, अव्वा. जनावर जातंय, दावं घरचं घरात ऱ्हातंय. न्हायतर लक्ष्मी जाती की मागनं."

"घ्या वैनी, रीत हाय ती," भावजी म्हणाले.

लक्ष्मी म्हणे! या घरात मी तिला कधी बघितली नाही. तरी सवयीनं हात पुढं झाला, आणि सवयीनंच मी ते दावं आतल्या खुंटीला अडकवलं. त्या संध्याकाळी अंगण रिकामं होतं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

पुढच्या बाजाराला जाताना शिवलिंगप्पा मुद्दाम वाट वाकडी करून आला. मी चुलीपुढून उठून दारात गेले.

"लई गुनाची घोडी, अव्वा. पन त्या दिवशी वेशीत अडली बगा. मागनं कुनी दावं वढावं तशी... मी खालीच हुतो, लगाम धरून. तर हिची पाठ अशी वर आली, वझं उतारल्यावानी. मग जी सुटली!"

"उतरून... कुटं गेलं?"

"कुनी दिसलं न्हाय. धुरळा तेवढा गावाकडं गेला."

घोडी माझ्याकडं बघून मागं मागं सरू लागली. शिवलिंगप्पानं तिला आवरलं, आणि तोही माझ्याकडं बघत राहिला.

"अव्वा..." तो हळूच म्हणाला. "तुमी त्या दिवशी ताठ हुता की..."

मी चौकट धरून सरळ व्हायला बघितलं, तर माझ्या दोन्ही कुशींत टाचा रुतल्या.