धुईतला दुसरा डबा

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या घरात घडली ते लोक आजही त्याच तळ्यावर मासे धरतात, म्हणून तळ्याचं नाव सांगता येणार नाही. बोरीपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

गेल्या फाल्गुनातली सकाळ. रात्र नव्हे. सूर्य उगवलेला होता... फक्त दिसत नव्हता.

राजेश्री पत्र्याचा डबा पुढ्यात घेऊन काठावर बसली होती. वर्षभराने, पहिल्यांदाच.

फाल्गुनात या तळ्याचं वागणं बदलतं. कालव्याला पाणी सोडलेलं असतं, पातळी रोज थोडी खाली जाते आणि बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर येतात. दुपारचं ऊन तापतं, रात्री मात्र गारवा असतो. मासा दिवसा कोमट, उथळ पाण्यात चरायला येतो आणि अंधार पडला की खोल उतरतो. म्हणून जाळं संध्याकाळी त्याच्या वाटेवर लावायचं, उथळ संपून खोल सुरू होतं तिथे, आणि सकाळी काढायचं.

पण सकाळी हवा पाण्यापेक्षा थंड असते. पाण्यातून वाफ उठते आणि धुई धरते. इतकी दाट, की थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेल्या माणसाला स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसत नाही.

त्यासाठी एक जण काठावर बसून तेलाचा रिकामा डबा वाजवतो. तराफ्यावरचा माणूस त्या आवाजाच्या दिशेने येतो. अधूनमधून तो सोबतच्या लोखंडी घमेल्यावर वल्ह्याचा ठोका देतो... मी इथे आहे.

नियम एकच. त्याचा पाय काठाला लागेपर्यंत डबा थांबवायचा नाही.

आदल्या वर्षी राजेश्री थांबली होती.

त्या दिवशी तराफ्यावर तिचा धाकटा दीर होता, आदिनाथ. लग्न ठरलेलं, तोंड सतत चालू. निघताना तो रोजच्यासारखाच चिडवून गेला होता, "वहिनी, तुमी डबाच वाजवा. मासा काय तुमच्या हाताला लागत न्हाई."

ऊन वर आलं तरी धुई रेंगाळली होती. काठाचं पाणी मात्र कोमट झालं होतं. राजेश्रीच्या पायाशी रोहूंचा घोळका आला. पाण्याबाहेर त्यांच्या पाठी दिसत होत्या.

डब्याच्या आवाजाने मासा बुजतो.

आदिनाथचा ठोका नुकताच आला होता, जवळूनच. आलाच आता, असं तिने गृहीत धरलं. काठी खाली ठेवली. फेकायचं जाळं उचललं. पाणी शांत होण्याची वाट बघितली.

टोपली भरली. आता याला दाखवते, असं मनाशी म्हणत, हसू दाबत तिने पुन्हा काठी उचलली. डबा वाजवला.

ठोका आला नाही.

पुन्हा वाजवला...

नाही.

तराफा बाभळींत अडकलेला सापडला. आदिनाथ तिथेच खाली होता, आपल्याच जाळ्यात गुंडाळलेला. लोक पोचायच्या आत राजेश्रीने टोपलीतले मासे पाण्यात परत टाकले होते. विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं की डबा एकसारखा वाजत होता.

सासूने, सरजाबाईने, तिला कधी बोल लावला नाही. उलट लोकांपुढे म्हणाली, "तिचा काय दोष? ती वाजवतच व्हती."

हे वाक्य राजेश्री वर्षभर गिळत राहिली. जेवताना सासू तिच्या ताटात मुद्दाम थोडं जास्त वाढायची. घास तोंडात फिरत राहायचा.

काठावर जाणं तिने सोडलं. डबा नणंदेचा नवरा वाजवू लागला. पण त्या सकाळी तो लग्नाला पिंगळीला गेला होता, आणि तिचा नवरा भुजंग म्हणाला की जाळं पाण्यात आहे, आलेला मासा सडून जाईल. नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. खरं कारण सांगता येत नव्हतं.

दोघं निघाली तशी सरजाबाई मागून आली आणि लुगडं सावरत जरा वरच्या दगडावर बसली.

भुजंग धुईत शिरला. आधी तराफा दिसेनासा झाला, मग त्याची पाठ, मग वल्ह्याचा आवाजही.

राजेश्रीने वाजवायला सुरुवात केली.

ठण... ठण... ठण...

बऱ्याच आतून ठोका आला. बरं वाटलं. जाळं ओढण्याइतका वेळ गेला. पुन्हा ठोका आला.

नंतर आला नाही.

तिने जोर वाढवला. धुईने आवाज गिळल्यासारखा केला. पाणी हलत नव्हतं. एरवी काठावर बगळे असतात, तेही नव्हते.

मग समोरून आलं...

ठण... ठण... ठण...

घमेलं नव्हतं. पत्र्याचा डबा होता. तिच्याच लयीत.

प्रतिध्वनी असेल, असं तिला वाटलं. धुईत आवाज फसवतो. तिने काठी वर उचलून धरली आणि श्वास रोखून ऐकलं.

समोरचा डबा थांबला नाही.

तो बाभळींच्या बाजूने येत होता. तिकडे बसायला काठच नाही. नुसतं पाणी.

मग तो सरकू लागला... इकडे.

वाजवलं, तर ते जे काही होतं ते तिच्या आवाजावर येणार. नाही वाजवलं, तर भुजंगला काठ कळणार नाही. काठी तिच्या हातात जड झाली. हात हळूहळू खाली आला.

"वाजीव," मागून सरजाबाई म्हणाली.

"आत्याबाई, तिकडं कुनीतरी..."

"मला ऐकू यायलंय." म्हातारीचा आवाज अगदी शांत होता. "तू वाजीव. औंदा तरी थांबू नको."

राजेश्रीने मागे वळून पाहिलं नाही. तिच्याने पाहवलंच नाही.

डब्याचा आवाज काठावरून वस्तीपर्यंत जातो. तो थांबला की तेही तिथे कळतं. म्हणजे आदिनाथ गेला त्या दिवशी म्हातारीने घरात बसून ते ऐकलं होतं. वर्षभर ताटात वाढताना तिला माहीत होतं.

राजेश्री वाजवत राहिली. तळहाताची कातडी सोलली तरी वाजवत राहिली. समोरचा आवाज जवळ आला... आणखी जवळ... आणि त्याच्या मागोमाग धुईतून तराफ्याचं टोक बाहेर आलं.

भुजंग होता. एकटाच. भिजलेला, थरथरत.

काठावर पाय ठेवल्या ठेवल्या त्याने विचारलं, "पुढं कोन व्हतं?"



घमेलं पाण्यात पडलं, मग दिशाच कळेना, असं तो सांगू लागला. बाभळीच्या फांद्या तराफ्याला लागत होत्या. जाळं पायात आलं होतं. "तुझा डबा तर मला ऐकूच आला न्हाई, राजे. एक जन पुढं वाजवत चाललता. मच्छी सोसायटीतला कोनी असंल म्हनून त्याच्या मागं मागं आलो. कुठं उतरला तो?"

काठावरचा चिखल सपाट होता. त्यावर भुजंगच्या पावलांशिवाय काही नव्हतं.

आणि समोरचा डबा अजून वाजत होता.

काठापासून थोडाच पुढे. गुडघाभर पाण्यात. तिथे धुई पातळ होती, तळाची माती दिसत होती... दुसरं काही दिसत नव्हतं.

राजेश्रीने काठी खाली ठेवली. तसा तो आवाजही थांबला.

सरजाबाई दगडावरून उठली. खाली येऊन तिने सुनेच्या पुढ्यातला डबा आपल्याकडे ओढला आणि काठी उचलली.

"एक आला," ती म्हणाली. "दुसरा पान्यातच हाय अजून."

ती वाजवू लागली. आणि गुडघाभर पाण्यातून उत्तर आलं.

भुजंग एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. त्याने काही विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

यंदाही फाल्गुनात धुई पडतेय. पडली की सरजाबाई काठावर जाते. राजेश्री शेजारी बसते. भुजंग जाळं घेऊन परत येतो, मासे निवडून होतात, तरी म्हातारी वाजवतच असते. समोरून उत्तर येत असतं, तिथूनच. ना जवळ, ना लांब.

ऊन चढतं. धुई विरते. तळं आरपार स्वच्छ दिसतं. पाण्यावर काहीही नसतं.

तेव्हा सरजाबाईचा हात दमतो. काठी तशीच वर धरून ती हळू आवाजात विचारते, "थांबू का?"

भुजंग जवळच असतो. पण ती विचारते राजेश्रीलाच.

राजेश्रीला अजून एकदाही हो म्हणता आलेलं नाही.