बुधीबाईची जमीन

साक्रीच्या पश्चिमेला, जिथून सागाची झाडं दाट व्हायला लागतात, तिथे रस्त्याला लागून बुधीबाईची जमीन होती. मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून तिनं ती एका गुजर शेतकऱ्याकडून विकत घेतली होती. लग्न केलं नाही. भावाचा मुलगा झिपरू आणि त्याची बायको रुपा त्या शेतातच झोपडी बांधून राहत आणि पावसाच्या भरवशावर नागली, भुईमूग काढत.

दवाखाना बंद पडला तेव्हा बुधीबाईला फार वाईट वाटलं. तिनं मृत्युपत्र केलं. जमीन चर्चला, तिथे बाळंतिणींसाठी खोल्या बांधाव्यात, आणि माझा भाचा झिपरू याला झोपडीतून कोणी उठवू नये. सही करताना साक्षीदार म्हणून ज्योत्स्ना शेजारी होती. ती त्याच दवाखान्यातली नर्स, आता निवृत्त आणि चर्चच्या पंचमंडळाची सेक्रेटरी. गावात अजून सगळे तिला सिस्टरच म्हणत.

बुधीबाई गेल्यावर चर्चनं नोंदीसाठी अर्ज केला आणि तलाठ्यानं तो परत केला. बुधीबाई आदिवासी, आणि आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, मग विक्री असो की मृत्युपत्र. चर्चला तर जात-जमातच नसते. परवानगी मागितली, ती नाकारली गेली. झिपरूनं वारस म्हणून हरकत घेतली होती. नोंद नाकारल्याचं प्रकरण धुळ्याला प्रांताकडे अपिलात गेलं.

चर्चच्या धर्मेंद्र वकिलांनीच वाट काढली. मिशनच्या बोर्डिंग शाळेच्या जुन्या दाखल्यावर बुधीबाईच्या जातीचा आणि बापाचा रकाना कोरा होता.

"म्हणजे ती मिशनला सापडलेली पोर," ते म्हणाले. "आई-बाप अज्ञात. आदिवासी होती याला पुरावा काय?"

"मृत्युपत्रात झिपरूला भाचा म्हटलंय," ज्योत्स्ना म्हणाली.

"मानलेल्या भावाचा मुलगा. सिस्टर, तुम्ही तिच्याबरोबर आयुष्यभर काम केलंत. तुमचं शपथपत्र चालेल."

पाळकसाहेब खिडकीबाहेर पाहत राहिले. "बाळंतिणींसाठीच आहे शेवटी," ते म्हणाले.

ज्योत्स्नानं सही केली. प्रांत कार्यालयात उभं राहून तोंडानंही सांगितलं, की बुधीबाई कोणाची ते कोणालाच माहीत नव्हतं. आवाज स्थिर होता, याचीच तिला नंतर जास्त लाज वाटली.

बाहेरच्या व्हरांड्यात झिपरू बाकावर बसला होता. तो चिडलेला नव्हता.

"सिस्टर, तुम्हीन तर तिले वळखतस," तो म्हणाला. "अभिमननी पोर शे ती. मना आजा. तुम्हीन त्याना हातनी भाकर खाई शेतस."

खाल्ली होती. अभिमनबाबा दवाखान्याच्या पायरीशी बसून लेकीची वाट पाहायचा आणि फडक्यातली भाकर ज्योत्स्नालाही द्यायचा. ती पर्समध्ये चष्मा शोधू लागली. चष्मा डोळ्यांवरच होता.

पुढच्या तारखेला झिपरू आला नाही. निकाल चर्चच्या बाजूनं लागला.

रविवारी उपासनेनंतर ज्योत्स्ना बायकांना म्हणाली, "बुधीबाईची इच्छा पूर्ण होणार आता." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "कोण बुधीबाई?" हेमलतानं विचारलं. हेमलताची तिन्ही बाळंतपणं बुधीबाईच्या हातावर झाली होती. ज्योत्स्नाला वाटलं, ही टोमणा मारतेय. पण हेमलताच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, नुसती ऐकायची तयारी होती.

ती मागच्या दफनभूमीत गेली. बुधीबाईच्या क्रुसावर नाव नव्हतं. रंग पावसानं उडाला असेल. शेजारच्या जुन्या क्रुसांवरची नावं मात्र जशीच्या तशी होती. तिनं पाळकसाहेबांना बोलावून दाखवलं.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं. "इथे तर आपण कोणाला पुरल्याचं मला आठवत नाही."

"जमीन दिली ती."

"हो, देणगीदार." ते क्रुसाकडे वाकले. "कागदावर नाव आहे. मी भेटलो होतो का त्यांना?"

त्यांनीच तिला माती दिली होती. ज्योत्स्नानं पदरानं तो कोरा क्रूस पुसून पाहिला.

मोजणीचा दिवस ठरला, तेव्हा झिपरूला सांगायला ती एकटीच गेली. प्रवासी जीप तिला रस्त्यावर सोडून गेली आणि ती बांधावरून चालत निघाली. भरदुपार होती. झिपरू खळ्यात नागली झोडत होता. तिला पाहून त्यानं काठी ठेवली, हात पुसले आणि खाट पुढे ओढली.

"बसा, सिस्टर."

"तारखेला आला नाहीत, झिपरूभाऊ."

"कसानी तारीख?"

"बुधीबाईच्या जमिनीची. तुमच्या आत्याच्या, फुईच्या."

तो खरोखर विचारात पडला. "माले फुई नही, सिस्टर. मना बाप एकलाच व्हता."

रुपा पाण्याचे दोन तांबे घेऊन बाहेर आली. एक तिनं ज्योत्स्नाला दिला. दुसरा उंबऱ्याबाहेर, सावलीत नेऊन ठेवला.

"तो कोणासाठी?"

"येस ना ती. याच टाइमले," रुपा म्हणाली.

"कोण?"

"कोन ते मालूम नही. दिसस नही. बाईना आवाज शे. एकच पुसस, मी कोनी पोर शे?"

"कोणाची पोर म्हणून? मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगूत? मालूम नही, माय, आसं सांगतस. मंग ती पानी पेस नि चालनी जास." रुपाच्या बोलण्यात भीती नव्हती. दारात येणाऱ्या कुठल्याही म्हातारीबद्दल बोलावं तसं ती बोलत होती.

झिपरूनं हलकेच हात वर केला.

खळ्यातल्या चिमण्या गप्प झाल्या. दवाखान्यातल्या फिनेलचा वास आला. इतक्या वर्षांनीही तो ओळखू आला.

कोणीतरी अंगणात येऊन थांबलं. दमलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

"मी कोनी पोर शे?"

आवाज बुधीबाईचा होता. कसलीही तक्रार नसलेला, रात्रपाळीला दार उघडायला सांगायची तसा.

"मालूम नही, माय," झिपरू म्हणाला.

"मालूम नही," रुपा म्हणाली.

श्वास वळला आणि ज्योत्स्नासमोर थांबला.

"सिस्टर?"

अभिमननी. एवढंच म्हणायचं होतं. नाव जिभेवर होतं. झिपरू आणि रुपा तिच्याकडे पाहत होते. तिला शपथपत्र आठवलं, बांधायच्या खोल्या आठवल्या, साक्रीत आपल्याला मिळणारा नमस्कार आठवला.

"मला ठाऊक नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

पावलं बांधापर्यंत गेल्यासारखी वाटली. चिमण्या पुन्हा बोलू लागल्या. उंबऱ्याबाहेरचा तांबा तसाच भरलेला होता. आज तिनं पाणी घेतलं नव्हतं.

मोजणीचं सांगायचं राहूनच गेलं.

परतीच्या जीपमध्ये ज्योत्स्ना खिडकीशी बसली. परत जाऊन सांगता येईल, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ते नाव एकदा पुटपुटून पाहावं म्हणून ओठ उघडले. फडक्यातली भाकर आठवली, दवाखान्याची पायरी आठवली. नाव आलं नाही.

घाबरू नये म्हणून तिनं सोपं काहीतरी आठवायला घेतलं. साक्रीचा स्टँड आला, माणसं उतरली, ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली, तरी ती बसूनच होती. स्वतःच्या वडिलांचं नाव अजून आठवून पाहत होती.