लाल दोऱ्याचा टाका

लेओन्तिन मेला, तर त्याच्या बायकोला, सावेताला, गिरणी मिळणार होती. म्हणजे गिरणीवाला पामफिल. पण आमच्या गावात माणूस आणि त्याची गिरणी वेगळी मोजत नाहीत. अडचण एवढीच, की नवरा मेल्याची बातमी येत नव्हती. लेओन्तिन म्हणजे आमच्या डॅन्यूबकाठचा एकमेव वैमानिक, छातीवर दोन पदकं. त्याचं विमान डॉन नदीपलीकडे बर्फात पडलं आणि तो रशियनांच्या हाती जिवंत सापडला, असं त्याच्या तुकडीतला एकजण सांगून गेला होता.

सावेतानं ते कानाआड केलं आणि नवऱ्याची पोमाना घातली. मेलेल्याच्या नावानं गरिबाला जेवू घालायचं, त्याचे कपडे द्यायचे. इथे दिलेलं तिकडे त्याला पोचतं. घेणाऱ्यानं "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं. नको म्हणायचं नाही.

"जिवंत माणसाची घालतेस, बाई?" मी माझ्या गुत्त्याच्या दारातून विचारलं.

"तू दारूत पाणी घालतेस, ते मी विचारते का?"

लेओन्तिनचा लोकरीच्या अस्तराचा चामडी कोट इलारिएला मिळाला. नदीकाठचे बोरू कापून पोट भरणारा माणूस. दोन दिवस तो ओरडत गावभर मिरवला. "सलाम ठोका रे, कप्तान चाललाय!" बोरूत बाही फाटली, तर त्याच्या बायकोनं, स्मारांदानं, ती शिवली. काळा दोरा संपला होता, म्हणून लाल दोऱ्यानं.

भर उन्हाळ्यात इलारिएच्या पायाची बोटं काळी पडली. डॉक्टरनं बोटं दाबून पाहिली. म्हणाला, हा हिमदंश आहे. मग पाठीवर चाबकाचे वळ उठायला लागले. घरात तर दोघंच. जेवायचा भरपूर, मी स्वतः वाढलंय. तरी बरगड्या वर आल्या. युद्ध संपलं, कैदी परतेनात, सावेता पामफिलच्या घरात गेली, आणि इलारिए झिजत राहिला. कलिंगडं पिकली तेव्हा गेला. स्मारांदानं त्याला त्याच कोटात पुरलं. मीही मूठभर माती टाकली.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत लेओन्तिन परत आला. गाल भरलेले, पदकं चकचकीत. सावेताला एवढंच म्हणाला, "गिरणी बरी चालते ना?"

"कैदेत फार हाल झाले असतील, कप्तानसाहेब," मी प्याला भरत म्हटलं.

"इतरांचे झाले. मला मारून मारून शिपाईच दमायचे. शेजारचे भुकेनं मेले, माझं पोट भरलेलं." तो हसला. "या उन्हाळ्यात मात्र एक फटका खरोखरच लागला. तेव्हा कळलं, कुणीतरी संपलं."

"आणि अंगातला हा कोट?"

"दुसऱ्या दिवशी उशाशी होता. ओला. मातीचा वास येत होता."

बाहीवर लाल टाका होता. स्मारांदा दारातच उभी होती. तिनंही पाहिला.

पुढच्या वसंतात नव्या सरकारनं जुन्या अधिकाऱ्यांना उचलायला सुरुवात केली. लेओन्तिननं घाईनं पोमाना घातली, स्वतःचीच. स्वतःची मात्र आमच्यात जिवंतपणीही घालता येते. चर्चच्या अंगणात टेबलं मांडली, कोकरं भाजली. मग त्यानं कोट पुढे धरला.

कोणी हललं नाही.

"घ्या की! शूराचा कोट आहे. पामफिल, तुला?"

पामफिल सावेताच्या मागे सरकला. बाकीचे ताटात बघत राहिले.

स्मारांदा उठली. मी तिचा हात धरला.

"सोड," ती म्हणाली. "टाका माझा आहे. माणूसही माझाच होता त्यात."

तिनं कोट अंगात घातला. "देव त्याला क्षमा करो."

"चला, जेवा आता," सावेता म्हणाली. "गार होतंय."

आठवड्याभरात लेओन्तिनला गाडीत घालून नेलं. तो शीळ वाजवत गेला.

तेव्हा हिशेब असा: लेओन्तिनला पदकं, सावेताला गिरणी, गावाला कोकराचं जेवण. मीही दोनदा वाढून घेतलं.

काल दुपारी स्मारांदा तोच कोट घालून गुत्त्यात आली. बाहेर ऊन रणरणत होतं.

"दार लाव गं," ती म्हणाली. "आत येतंय."

मी तिचा खांदा झटकला. माझा तळहात बर्फानं पांढरा झाला. मग ओला.