ज्याचं रक्त, त्याची थुंकी

भाऊ आणि बहीण मावशींकडे एकाच दिवशी आले, पण वेगवेगळ्या वेळी. दोघांत विस्तव जात नव्हता. बिनलेकराची आत्या वारली, मागे तीन जुन्या गोधड्या राहिल्या, आणि मधली कोणाची यावरून भावानं बहिणीचं बोट मोडलं होतं. बोटाला पट्टी बांधूनच ती जिना चढली. "मावशी, तुम्ही फक्त तिचं मोल सांगा. मग मी बघते त्याच्याकडे," ती म्हणाली.

जुन्या गोधड्या धुऊन त्यांचं वय आणि मोल ठरवून द्यायचं, हाच मावशींचा धंदा. त्यांना अशी गिऱ्हाइकं नवी नव्हती. माणूस गेलं की पांघरूण उबदार राहतं आणि नाती गार पडतात, असं त्या लेकीला हसत हसत सांगायच्या. लेक अठ्ठावीस वर्षांची, तरी घरात आणि कामात तिला हाक 'ठकी' हीच. नवऱ्यामागे मावशींचा सगळा जीव तिच्यातच होता.

निकाल ऐकायला भाऊ-बहीण चौथ्या दिवशी दुपारी बाराला येणार होते. त्या सकाळी, खिडकीतला उजेड सरळ टेबलावर यायला लागला तेव्हा, दोघींनी मधली गोधडी पसरली. वर जाळी धरून यंत्रानं धूळ ओढून काढली. शिवण उसवली होती तिथून मावशींनी आत पाहिलं. हातानं पिंजलेला कापूस, त्यात सरकीचे कण, हातानं कातलेलं सूत.

"नव्वद वर्षं तरी," त्या म्हणाल्या. ठकीनं लिहून घेतलं.

मग गोधडी उलटी केली. मधोमध ताटाएवढा डाग होता, तपकिरी, कडक. त्यात दोन चिरा, बोटभर अंतरावर, सगळ्या थरांतून आरपार. मावशींनी त्यांत करंगळी घालून पाहिली. सुरीची चीर अशी नसते. अर्धी उघडी कात्री ताकदीनं आत गेली की अशी जोडी उमटते.

"यावर कोणीतरी मेलंय, आई."

"नव्वद वर्षांपूर्वीचं भांडण ते. आपल्याला काय त्याचं?"

गार पाणी लावलं, मिठाचं पाणी लावलं. डाग ढिम्म हलेना. सुई हातात धरणाऱ्या बायकांचा एक जुना तोडगा आहे. बोटाला टोचून कापडावर रक्त पडलं, की ज्याचं रक्त त्यानंच थुंकी लावायची. दुसऱ्याच्या थुंकीनं डाग जात नाही. मावशींनी गंमत म्हणून कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि टेकवला. काही नाही.

"सरक, तुझी थुंकी म्हातारी झाली," म्हणत ठकीनं आपला बोळा टेकवला.

बोळा लाल झाला. तपकिरी नाही, लाल.

ठकीनं आणखी एक घेतला, आणखी एक. तळहाताएवढं कापड पांढरं निघालं. खोलीत ओल्या लोखंडासारखा वास पसरला. ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. मावशींनी ठकीचं मनगट धरलं.

"हात काढ. आत्ताच्या आत्ता काकूकडे जा. मी बोलावेपर्यंत इकडे फिरकायचं नाही."

"वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. जा."

ठकी गेली. मावशींनी उभ्या आयुष्यात जुन्या कापडाला कात्री लावली नव्हती. आज त्यांनी मोठी कात्री काढली. एवढा डाग कापायचा आणि चुलीत घालायचा. धंदा बुडाला तर बुडू दे, पोर राहू दे. पातं कापडाला भिडतंय तोच दार धाडकन उघडलं. बारा वाजले होते.

भाऊ पुढे, बहीण मागे, जिन्यापासूनच शिव्या देत. मावशींच्या हातातली कात्री पाहिली आणि भावाचं डोकं फिरलं.

"कापताय? हिनं सांगितलं ना अर्धी करायला?"

त्यानं मावशींचं मनगट धरून पिरगाळलं. बहिणीनं मागून त्याचे केस उपटले. त्यानं कोपर तिच्या तोंडावर हाणलं, तिचे ओठ फाटले, तरी तिनं गोधडीचं टोक सोडलं नाही. टाके कटकट तुटायला लागले.

"आई!"

ठकी दारात उभी होती. ती गेलीच नव्हती. आईचा तो चेहरा पाहून खाली पायरीवरच बसून राहिली होती.

जुनं कापड कोणी ओढलं तर आपण उलट ओढायचं नाही, त्यावर अंग टाकायचं. मावशींनीच शिकवलं होतं.

ठकीनं अंग टाकलं.

"ठकी, नको!"

भावानं मनगटाला हिसका दिला. कात्री अर्धी उघडी होती.

मूठ मावशींची होती.

आवाज फार झाला नाही. जाड कापड कापताना होतो, तेवढाच.

मग खालची माणसं धावत आली. भावाला धरलं, ठकीला उचललं. तिचा हात लोंबत होता. "काही राहिलं नाही हो," कोणीतरी हळूच म्हणालं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि एक बोट हलवता येत नव्हतं.

बहिणीनं पदरानं तोंड पुसलं. टेबलाशी जाऊन तिनं गोधडी नीट पसरली, वाकून पाहिली, नखानं खरवडली.

"अहो मावशी," ती म्हणाली, "डाग तर आम्ही दिला तसाच आहे. सुका खडखडीत. चार दिवसांत तुम्ही याला हातसुद्धा लावला नाहीत?"