धरलाय

आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पैंजणांचा आवाज नाही. ज्यांना तेच हवं असेल त्यांनी दुसरी पोस्ट वाचावी.

जे झालं ते मागच्या मे महिन्यात झालं. दुपारी दोन ते सहा, लख्ख उन्हात.

जागा म्हणजे जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यावरचं सोमेश्वरचं गॅरेज. सोमेश्वर हा माझ्या चुलत बहिणीचा, त्रिवेणीचा नवरा. दोघांनी मला हे वेगवेगळं बसून सांगितलं आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता. नवरा-बायकोचं इतकं एकमत एरवी कधी होत नाही. म्हणून माझा विश्वास बसला.

गाडी किशनरावांची. जुनी पांढरी अँबेसेडर, तेवीस वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. रविवारी त्यांच्या नातीचं, भक्तीचं लग्न. म्हाताऱ्याने हट्टच धरला, पोरगी सासरी जाईल तर याच गाडीतून. इंजिन कुणाकडून तरी चालू करून घेतलं होतं. ब्रेक मात्र मेलेले होते.

ट्रॅक्टरला बांधून गाडी गॅरेजसमोर आणली, तेव्हा सोमेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने ती ओळखली होती.

तेवीस वर्षांपूर्वी याच गाडीचे ब्रेक याच गॅरेजात केले होते. त्याच्या थोरल्या भावाने, शिवमूर्तीने. काम झाल्यावर शिवमूर्ती एकटाच ट्रायलला निघाला आणि धरणाच्या उतारावर ब्रेक गेला. सपाटीवर पेडलने साथ दिली होती, उतारावर ते थेट तळाला लागलं. गाडीचा पत्रा ठोकून सरळ झाला. शिवमूर्ती जागेवर गेला.

गावाने एका दिवसात निकाल दिला. शिवमूर्तीचंच काम कच्चं होतं.

सोमेश्वरने ते ऐकलं आणि मान हलवली. तेवीस वर्षं हलवत राहिला.

आता काम नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं. खाई त्याला खवखवे. तो किशनरावांना म्हणाला, "ठेवा. शनवारी न्या."

दोन दिवसांत त्याने सगळं बदललं. चारी चाकांचे लायनर, सिलिंडरची रबरं, होज पाईप. जुनं काहीच ठेवलं नाही. राहिलं ते शेवटचं काम, ब्रेकमधली हवा काढणं.

हे काम एकट्याचं नाही. एक माणूस सीटवर, एक गाडीखाली. खालचा म्हणतो, "मार." वरचा तीन वेळा पेडल मारतो. खालचा म्हणतो, "धर." वरचा पेडल दाबून ठेवतो आणि ओरडतो, "धरलाय." मग खालचा निप्पल, म्हणजे चाकामागचा हवा सोडायचा बारका स्क्रू, सैल करतो, नळीतून ऑईल आणि बुडबुडे येतात. निप्पल पुन्हा कसून झालं की तो म्हणतो, "सोड." त्याआधी पाय काढायचा नाही. काढला तर बाहेरची हवा उलटी आत शिरते आणि खालच्याला पत्ताही लागत नाही.

खालच्याला वरचा दिसत नसतो. सगळा कारभार शब्दावर चालतो.

कामाचा माणूस दुसऱ्याच एका लग्नाला गेलेला. म्हणून त्रिवेणी सीटवर बसली. एवढ्या वर्षांत तिलाही सवय झाली होती.

मागचं डावं चाक काढून सोमेश्वर ब्रेकच्या ड्रमखाली सरकला. गाडी जॅकवर होती. शेजारी लाकडी ठोकळाही लावला होता. ठोकळा होता, हे तो आजही शपथेवर सांगतो.

"मार."

चर्र... चर्र... चर्र.

"धर."

"धरलाय."

नळीतून बुडबुडे आले. साहजिक होतं.

दुसऱ्यांदा आले. पाचव्यांदा आले. दहाव्यांदाही तेवढेच आले.

बाटलीभर ऑईल संपलं, दुसरी फोडली. सगळे जोड त्याने बोटाने चाचपले. कुठे ओल नाही, गळती नाही. मग ही हवा येते कुठून?

"तू पाय तर काढत न्हाईस ना मधीच?"

"न्हाई."

"धर."

"धरलाय."

पुन्हा बुडबुडे.

तेवढ्यात त्याला दोन पावलं दिसली. ड्रमपासून हातभर अंतरावर, धुळीत. जोडवी घातलेली.

त्रिवेणी वाकली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"अहो, कोणाशी बोलायलाव?"

सोमेश्वरला काही कळेना. "तू कवा उतरलीस?"

"लय येळ झाला. तुमाला सांगून तर गेले, पानी आनते म्हनून."



आणि वरून, सीटवरून... त्रिवेणीच्याच आवाजात...

"धरलाय."

तांब्या तिच्या हातातून पडला. पाणी वाहत सोमेश्वरच्या पाठीखाली आलं. ते गार होतं, एवढं त्याला आठवतं.

"बाहेर या," ती म्हणाली. "आधी बाहेर या."

तो सरकू लागला. तेव्हाच पेडलचा आवाज झाला. कुणी मार म्हटलं नव्हतं.

चर्र... चर्र... चर्र.

मग पुन्हा आवाज आला. या खेपेला बाईचा नव्हता. तरण्या माणसाचा होता, कंटाळलेला, चिडका.

"धरलाय म्हनलं ना. किती डाव सांगू?"

सोमेश्वर जागच्या जागी थिजला. तो आवाज त्याचा स्वतःचा होता. चोवीस वर्षांचा असतानाचा. आणि ते वाक्य त्याने आयुष्यात एकदाच उच्चारलं होतं, याच सीटवरून.

जॅक उतरायला लागला...

झटक्यात नाही. बोट बोट. कुणीतरी हँडल सावकाश फिरवत असावं तसा. ठोकळा चार हात लांब भिंतीशी पडलेला त्रिवेणीला दिसला. ड्रम सोमेश्वरच्या छातीला टेकला. शर्टाचं बटण कटकन फुटलं. त्रिवेणी त्याचे पाय धरून ओढत होती, तो इंचभर हलत नव्हता. छातीतला श्वास बाहेर गेला आणि परत आत येईना.

वरून कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं. ते मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

तेव्हा सोमेश्वर बोलला. उरलासुरला दम गोळा करून.

"अन्ना... म्या धरला नव्हता."

जॅक थांबला.

"पाय काढला व्हता. तुमी निप्पल कसायच्या आधी. सकाळी तुमी मला ट्रायल देत न्हाई म्हनलाव, त्याचा राग व्हता. पेडल कडक हाय म्हनलो, ते बी खोटं. पेडल मऊ व्हतं, अन्ना. मला कळलं व्हतं."

त्रिवेणीने ओढला आणि तो एका झटक्यात बाहेर आला. छातीवर ड्रमचा काळा गोल उमटला होता. सीट रिकामी होती.

दारात मात्र कुणीतरी उभं होतं.

गंगम्मा. शिवमूर्तीची बायको. गॅरेजमागच्या खोलीत राहते, तांब्याचा आवाज ऐकून आली होती. तिने शब्द न् शब्द ऐकला होता.

ती रडली नाही, ओरडली नाही. तेच जास्त भीतीदायक होतं, असं त्रिवेणी म्हणते.

"तेवीस वर्षं लोकं मला म्हनले, तुझ्या नवऱ्याचं काम कच्चं," गंगम्मा म्हणाली. "मी मान खाली घालून पानी भरलं. तुमी ऐकत बसलाव, भावजी?"

 

तिने पदर खोचला, जाऊन सीटवर बसली. पेडलवर पाय ठेवला.

"जावा खाली."

"वैनी..."

"जावा. हवा काढा."

जॅक वर चढवून तो पुन्हा त्याच ड्रमखाली गेला. कसा गेला ते त्यालाही सांगता येत नाही. पाना दोनदा निसटला.

"धरा," तो म्हणाला.

"धरलाय," गंगम्मा म्हणाली.

ऑईल आलं. स्वच्छ, एकसंध. एक बुडबुडा नाही. चारी चाकं दहा मिनिटांत झाली.

त्याने चाक बसवलं, तशी गंगम्मा उतरली. चावी त्याच्या हातात दिली.

"ट्रायल तुमी घ्या. उतारावर."

त्रिवेणी आडवी आली, हातापाया पडली. गंगम्मा तिच्याकडे बघतही नव्हती. सोमेश्वर गाडीत बसला.

पुढचं फक्त त्याचंच सांगणं आहे.

उतार सुरू झाला तसा त्याने हळूच पेडल दाबलं. गाडी जागेवर उभी राहिली. इतका चांगला ब्रेक त्याने आयुष्यात केला नव्हता. समोर धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. पाय काढला आणि मोठा श्वास सोडला.

आणि खालून... गाडीखालून... टक, टक. लोखंडावर पाना आपटल्याचा आवाज.

मग आवाज आला. हा त्याने तेवीस वर्षांत ऐकला नव्हता, पण विसरलाही नव्हता.

"सोम्या, धर."

त्याचा पाय हवेत होता.

त्याने पेडल दाबलं. दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटून दाबलं.

"धरलाय, अन्ना."

साडेतीनला तो निघाला होता. सहा वाजता त्रिवेणी आणि किशनराव दोन गड्यांना घेऊन जीपने पोचले, तेव्हा तो तसाच बसलेला होता. पाय पेडलवर, अंग घामाने निथळत होतं, ओठ फुटलेले. किशनराव म्हणाले, सोड. त्रिवेणी म्हणाली, सोडा हो. तो मान हलवत राहिला. शेवटी चौघांनी त्याला उचलून काढला, तर तो लहान लेकरासारखा ओरडला. गाडीखाली टॉर्च मारून पाहिलं. कुणी नव्हतं. ओल्या ऑईलवर बोटांचे ठसे होते, आता ते सोमेश्वरचेच म्हणायचे.

भक्ती दुसऱ्या गाडीतून सासरी गेली. अँबेसेडर परत पत्र्याखाली गेली. गंगम्माने गावात घरोघरी जाऊन खरं काय ते सांगितलं आणि मग माहेरी निघून गेली.

मागच्या महिन्यात मी त्रिवेणीकडे गेलो होतो. गॅरेज बंद आहे. सोमेश्वर दारात खुर्ची टाकून बसला होता. उजवा पाय जमिनीवर रोवलेला, टाच उचललेली, पोटरीची शीर ताठ. त्रिवेणी सांगत होती, झोपेतही तो पाय तसाच असतो.

मी म्हणालो, "दाजी, पाय दुखत न्हाई का?"

"लय दुखतो," तो म्हणाला.

"मग सोडा की."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून झोपू देत नाही.

"अन्ना कसायलाय अजून," तो हळूच म्हणाला. "तेनं म्हनल्याशिवाय कसा सोडू?"